लोलकांची पाठ पाहू द्या

प्राचीन कोस्टा रिकाचे कोरीव दगडी लोलक ज्यांच्या ताब्यात आहेत, त्या न्यूयॉर्क, पिट्सबर्ग, वॉशिंग्टन आणि इतर शहरांतील संग्रहालयांच्या विश्वस्तांना व अभिरक्षकांना खुले पत्र

सप्रेम नमस्कार, वि. वि.

तुमच्या काचेच्या कपाटांत पक्षी, वटवाघूळ, मगर, माकड अशा आकारांचे, गळ्यात घालायचे हिरवे दगडी लोलक टांगलेले आहेत. माझी विनंती एवढीच, की त्यांची मागची बाजू लोकांना पाहू द्या. प्रत्येक लोलकाच्या पाठीचा, दोन्ही कडांचा आणि भोकाचा स्वच्छ फोटो तुमच्या संकेतस्थळावर ठेवा. तो लोलक कोणत्या गावातून, कोणाकडून, कोणत्या साली तुमच्याकडे आला याची नोंदवहीतली ओळ जशी असेल तशी त्याच्या शेजारी छापा. काही संग्रहालयांनी थोड्या वस्तूंपुरते हे केले आहे. मला ते सगळ्यांचे हवे आहे.

मी पुण्यात रत्नपरीक्षा शिकवते. आमच्या धंद्यात दागिना हातात आला की आधी तो उलटा करतात. पुढची बाजू गिऱ्हाइकासाठी असते. कारागिराने कुठे डाग दिला, कुठे घाई केली, खडा कसा बसवला, जुन्या दागिन्याचा तुकडा वापरला का, हे सगळे मागून कळते. मुलगी अमेरिकेत असल्यामुळे तुमच्यापैकी काही संग्रहालये मी सावकाश पाहिली आहेत. हे लोलक पाहताना दर वेळी माझी मान काचेच्या कडेने वळते आणि दर वेळी मागे फक्त राखाडी कापड दिसते.

पत्र मराठीत लिहिते आहे, कारण न्यू जर्सीपासून पिट्सबर्गपर्यंत तुमच्या दारात येणाऱ्या माणसांत मराठी कुटुंबेही आहेत. ती मुलांना घेऊन येतात, काही जण तुमच्याकडे स्वयंसेवक म्हणून कामही करतात. त्यांनी हे वाचावे आणि तुम्हाला विचारावे, अशी माझी इच्छा आहे. इंग्रजी प्रत तुम्हाला स्वतंत्रपणे पाठवीनच.

ज्यांनी या वस्तू पाहिल्या नाहीत त्यांच्यासाठी थोडे सांगते. मध्य अमेरिकेच्या अरुंद पट्ट्यात, आजच्या कोस्टा रिकात, इसवी सनापूर्वी सुमारे ५०० पासून इसवी सनाच्या सातव्या-आठव्या शतकापर्यंत हिरव्या दगडाचे लोलक घडवले जात होते. पॅसिफिक बाजूचा ग्वानाकास्ते-निकोया हा एक टापू. दुसरा मध्यवर्ती डोंगराळ भाग आणि तिथून कॅरिबियन समुद्राकडे उतरणारा प्रदेश, ज्यातल्या जुन्या रेल्वेमार्गाच्या पट्ट्याला ‘लिनेआ व्हिएहा’ म्हणतात. सर्वांत ओळखीच्या प्रकारात लोलकाचा खालचा भाग म्हणजे गुळगुळीत दगडी कुऱ्हाडीचे पाते. वरच्या भागातून एक प्राणी उगवतो, बहुतेक वेळा पक्षी. त्याची चोच छातीवर टेकलेली, डोळे म्हणजे दोन वर्तुळे, पंख पोटाशी दुमडलेले. कधी पक्ष्याच्या जागी माणूस असतो, कधी माणूस आणि पक्षी एकाच अंगात मिसळलेले असतात. दोरा ओवायचे भोक मानेतून आडवे जाते, त्यामुळे समोरून दोरा दिसत नाही. वटवाघळाचे लोलक आडवे घडवलेले आहेत. मध्ये छोटे डोके, दोन्ही बाजूंना सरळ ताणलेले पंख, आणि काही तर वीतभराहून रुंद. मगरीला कधी दोन्ही टोकांना डोके असते. शेपटी वर वळवलेला एक प्राणी वारंवार येतो. तो सरडा आहे की माकड, यावर अभ्यासकांचे एकमत नाही, आणि कारागिराला त्या दोघांत निवड करायचीच नसेल असेही असू शकते.

आता हा दगड. जेडाइट ही जेडची एक जात, आणि तिचे कण एकमेकांत घट्ट गुंतलेले असतात. त्यावर घण मारला तर हातालाच झिणझिण्या येतात. कठीणपणाच्या एक ते दहा या मापात तो साडेसहा-सातच्या घरात आहे, म्हणजे साध्या पोलादी चाकूने त्यावर ओरखडा उठत नाही. ज्यांनी हे लोलक घडवले त्यांच्याकडे लोखंड नव्हते, कांस्यही नव्हते. दोरा, पाणी, वाळू, पोकळ बोरू किंवा पक्ष्याचे हाड, आणि दुसरा दगड एवढ्यावर त्यांनी काम केले. ओल्या वाळूतून दोरा पुढे-मागे ओढत राहायचे. दगड खातात ते गारगोटीचे बारीक कण, आणि ते कणही जेडाइटपेक्षा फारसे कठीण नाहीत. एक रेघ पडायला तासन् तास जात असणार. मी विद्यार्थ्यांना गारगोटीच्या साध्या तुकड्यावर दोऱ्याने आणि वाळूने खाच पाडायला लावते. दुपार संपते आणि खाच नखाएवढीही खोल होत नाही. जेडाइट तर त्याहून किती तरी चिवट.

दोऱ्याच्या करवतीने कोरण्यात कोस्टा रिकाचे हात विशेष पटाईत होते. आधी छोटे भोक पाडायचे, त्यातून दोरा ओवायचा आणि आतून वळण घेत कापत जायचे. चोच आणि छाती यांच्यामधली फट, वळलेल्या शेपटीच्या आतली मोकळी जागा, दुमडलेल्या हातांखालचा कोनाडा हे सगळे असे झाले आहे. पुढून ती फट गुळगुळीत झिलईची दिसते. मागून पाहिले तर कळते की दोरा कुठून आत शिरला, कुठे वळला, कुठे चुकून जास्त आत गेला. दोऱ्याने कापलेल्या जागी रेघा कमानदार असतात, पातळ दगडी पात्याने कापलेल्या जागी त्या सरळ असतात. भोक दोन्ही बाजूंनी पाडून मध्ये भेटवलेले असेल तर ते आतून डमरूसारखे असते. आमच्याकडे मोत्याचे वेज पाहून पारखी कारागिराचा हात ओळखतात. या लोलकांच्या भोकांतही तसे हात ओळखता येतील, पण त्यासाठी भोक दिसायला हवे.

पाठीवरची सर्वांत मोठी खूण म्हणजे चिरल्याचा कणा. यातले पुष्कळ लोलक आख्खी दगडी कुऱ्हाड उभी चिरून केलेले आहेत. एका कडेने काप आत न्यायचा, मग दुसऱ्या कडेने, आणि मध्ये पातळ पडदा उरला की झटक्याने तोडायचा. तुटलेल्या पडद्याची खडबडीत कड लोलकाच्या पाठीवर उभी राहते. कुणी ती घासून काढली, कुणी तशीच ठेवली. कधी एका कुऱ्हाडीचे दोन भाग केले, कधी चार. ज्या दगडाला इतके जपायचे, इतक्या दुरून आणायचा, तो चिरून वाटला जात होता. कुणामध्ये? भावंडांमध्ये, दोन गावांच्या प्रमुखांमध्ये, की जिवंत आणि मृत यांच्यामध्ये? याचे उत्तर एका लोलकाकडे पाहून मिळणार नाही. पण तुम्ही सगळ्यांनी पाठीचे फोटो एकाच मापात, एकाच प्रकाशात, मोजपट्टी ठेवून प्रसिद्ध केले, तर एका कुऱ्हाडीचे दोन अर्धे ओळखता येतील. दगडातली शीर एका अर्ध्यातून दुसऱ्यात जाते, कण्याची मोड जुळते, रंगाचा पट्टा पुढे सरकतो. एक अर्धा न्यूयॉर्कमध्ये आणि दुसरा कोस्टा रिकाच्या राजधानीत, सान होसेमध्ये असेल, तर आज ते कुणाला कळायची काहीही सोय नाही.

याहून महत्त्वाचीही एक खूण पाठीवर आहे. ग्वातेमाला आणि त्याच्या आसपासच्या माया संस्कृतीच्या राजांच्या कमरपट्ट्याला जेडच्या लांबट पट्ट्या तीन-तीनच्या झुबक्यांनी लटकत असत. त्यांवर राजाचे चित्र किंवा चित्रलिपीतला मजकूर कोरलेला असे. अशा काही पट्ट्या कोस्टा रिकात पोहोचल्या आणि तिथल्या कारागिरांनी त्या उभ्या चिरून आपले लोलक केले. त्यामुळे काही लोलकांवर माया अक्षरे मधोमध कापलेली आहेत, राजाचा अर्धा चेहरा तेवढा उरला आहे, किंवा नवी कामगिरी जुन्या मजकुराला काटकोनात गेली आहे. तो मजकूर वाचता न येणाऱ्यांनी ही पट्टी दगड म्हणून घेतली, की परक्या राजाची वस्तू मुद्दाम आपली करून घेतली, या प्रश्नावर माझे मत दुसऱ्या बाजूला झुकते. नुसता दगड हवा असता तर अक्षरे घासून काढणे सोपे होते. काहींनी ती ठेवली. माया लिपीच्या अभ्यासकांची संख्या आज पूर्वीपेक्षा किती तरी वाढली आहे. अर्धे अक्षरही त्यांना पुरते. पण ते अक्षर कापडाकडे तोंड करून बसले असेल तर कुणाच्या उपयोगाचे?

दगड कुठला हा प्रश्न पाठीचा नसला तरी तुमच्या पाट्यांशी संबंधित आहे. कोस्टा रिकात जेडाइटची खाण आजवर सापडलेली नाही. या सगळ्या प्रदेशाला जेडाइट पुरवणारे निश्चित ठिकाण एकच आहे, ग्वातेमालातले मोताग्वा नदीचे खोरे. तिथे दोन भूपट्ट एकमेकांना घासून जातात आणि खोल दाबाखाली तयार झालेले खडक सर्पेंटाइन या हिरवट, मऊ दगडाबरोबर वर येतात. मान्सानाल गावाजवळ हा दगड आधुनिक काळात पुन्हा ओळखला गेला तो १९५० च्या दशकात. १९९८ च्या मिच वादळात डोंगरांचे कडे कोसळले, ओढ्यांतून निळसर हिरव्या दगडाचे धोंडे बाहेर पडले, आणि ज्या निळ्या छटेचे मूळ अभ्यासक वर्षानुवर्षे शोधत होते तेही त्याच खोऱ्यात आहे हे नंतरच्या पाहणीत दिसले. मोताग्वा ते निकोया हे अंतर सरळ रेषेत सुमारे ७०० किलोमीटर. वाटेत डोंगर, सरोवरे, वेगवेगळ्या भाषा बोलणारे लोक. ओझे वाहणारे जनावर नाही, चाकाची गाडी नाही. माणसाच्या पाठीवरून आणि होडीतून हा दगड आला.

इतक्या दुरून येणारा दगड सगळ्यांना मिळणार नाही हे उघड आहे. म्हणून तेच पक्षी, तीच वटवाघळे कॅल्सेडनी या गारगोटीच्या जातीत, सर्पेंटाइनमध्ये आणि इतर स्थानिक दगडांतही कोरलेली सापडतात. तुमच्या पाट्यांवर मात्र सरसकट ‘जेड’ असे लिहिलेले दिसते, किंवा अडचण टाळायला ‘हिरवा दगड’. हे मला रत्नपरीक्षक म्हणून खटकते. जेडाइटचे विशिष्ट गुरुत्व ३.३ च्या आसपास असते, गारगोटीचे २.६५, सर्पेंटाइनचे साधारण २.६. वस्तू एकदा हवेत आणि एकदा पाण्यात तोलली की फरक समोर येतो. लोलकाला ओरखडाही पडत नाही. आमच्या वर्गातली मुले हे पहिल्या महिन्यात शिकतात. ज्यांच्याकडे प्रकाशकिरणाने खनिज ओळखणारे रामन यंत्र आहे त्यांना तर पाण्याचीही गरज नाही. कॅल्सेडनीचा निघाला म्हणून लोलक हलका ठरत नाही. उलट कोणत्या गावातल्या कबरीत खरे जेडाइट होते आणि कोणत्या गावाने त्या आकाराला स्थानिक दगड लावला, यावरून त्या समाजातली वर-खाली कळते. ही माहिती तुमच्या कोठारात पडून आहे. ती काढायला एक तराजू आणि भांडेभर पाणी पुरेल.

प्राण्यांच्या नावांबद्दलही सांभाळून लिहा, ही विनंती आहे. एका पाटीवर तुरा असलेल्या पक्ष्याला ‘केत्साल’ म्हटलेले मी पाहिले. शेजारच्या कपाटात जवळपास तसाच पक्षी ‘टूकान’ होता. कोस्टा रिकाच्या जंगलात तुरेवाले पक्षी अनेक आहेत, लांब चोचीचेही अनेक. शंभराहून जास्त जातींची वटवाघळे आहेत. कारागिराने डोळ्यांसमोर कोणती जात ठेवली हे नाकाच्या पानासारख्या आकारावरून किंवा चोचीच्या वळणावरून कधी सांगता येते, बहुतेकदा येत नाही. कुऱ्हाडीतून उगवणाऱ्या आकृतीला देव म्हणायची सवय शंभर वर्षे जुनी आहे, पण तो देव होता असे सांगणारा एकही लेख आपल्याकडे नाही. या लोकांनी काही लिहून ठेवले नाही. त्यांनी ठेवला तो दगड, आणि तो कोणत्या हाडांजवळ, कोणत्या भांड्याशेजारी, कोणत्या बाजूला तोंड करून ठेवला, ही मांडणी. तीच त्यांची भाषा होती, आणि तुमच्या संग्रहांतल्या बहुतेक लोलकांच्या बाबतीत ती कायमची पुसली गेली आहे.

कार्ल हार्टमन हा स्वीडिश अभ्यासक १८९० च्या दशकात कोस्टा रिकात उतरला. त्याने कबरीचे नकाशे काढले, वस्तू जागेवर असतानाच त्यांची नोंद केली. १९०३ मध्ये पिट्सबर्गच्या कार्नेगी संग्रहालयासाठी त्याने निकोयातल्या लास वाकास इथे दफनभूमी खणली. लोलक, दगडी गदांची डोकी आणि मेताते एकाच दफनभूमीत कसे येतात हे जगाला पहिल्यांदा त्याच्या नोंदींतून समजले. मेताते म्हणजे पायांचा दगडी पाटा, मका वाटण्यासाठीचा. पण कबरीतले काही मेताते इतके कोरीव आहेत की त्यांवर कधी मका वाटला असेल का, असा प्रश्न पडतो. पुढे १९७० च्या दशकात सान होसेच्या उपनगरात, तिबासजवळ, पुरातत्त्वज्ञ मायकेल स्नार्स्किस यांनी एक कबर उघडली. तिथे मृत माणसाला मेतात्यांवर निजवले होते आणि त्याच्याजवळ जेडच्या वस्तू होत्या. मका वाटण्याचा दगड, त्यावर माणूस, त्याच्या अंगावर हिरवा दगड. अन्न, मरण आणि सत्ता यांचा संबंध त्या लोकांनी कसा मानला असेल याविषयी ही एक कबर जेवढे सांगते, तेवढे नोंद नसलेले शेकडो लोलक मिळूनही सांगू शकत नाहीत. ते शेकडो लोलक सुंदर आहेत, याबद्दल मला शंका नाही. मी त्यांच्यासमोर तासन् तास उभी राहिले आहे.

ते कसे आले हे तुम्हाला माझ्याहून चांगले माहीत आहे. ब्रुकलिनमध्ये जन्मलेल्या मायनर कीथने कोस्टा रिकात कॅरिबियन किनाऱ्यावरच्या लिमोन बंदरापर्यंत रेल्वे नेली, रुळांच्या कडेने केळीचे मळे लावले, युनायटेड फ्रूट कंपनी उभारली. जंगल तोडताना लास मर्सेदेस इथे जुन्या वसाहतीच्या कबरी लागल्या आणि कीथचा संग्रह सुरू झाला. कोस्टा रिकाच्या पुरावस्तूंच्या फार मोठ्या खासगी संग्रहांपैकी तो एक होता. कीथच्या मृत्यूनंतर त्यातला मोठा भाग १९३४ मध्ये ब्रुकलिन संग्रहालयाकडे गेला, बाकीचा न्यूयॉर्कच्याच इतर संस्थांकडे. कीथने निदान प्रदेश तरी ओळखीचा ठेवला. नंतरच्या दशकांत ‘वाकेरो’ मंडळी लोखंडी सळई जमिनीत खुपसून कबरीचा दगड चाचपायची आणि रात्रीतून ती रिकामी करायची. ग्वानाकास्तेतल्या गरीब शेतमजुरांसाठी तो हंगामाबाहेरचा धंदा होता. त्यांना मी फारसा दोष देत नाही. त्यांच्या हातात दोन दिवसांची मजुरी पडली, आणि तोच लोलक तीन-चार दलालांच्या हातांतून जात मोठ्या शहरातल्या दिवाणखान्यात पोहोचला. कबर कुठे होती हे दलालांनी मुद्दाम लपवले. संग्राहकांनी विचारले नाही, आणि पुढे त्याच संग्राहकांकडून तुम्ही देणग्या स्वीकारल्या तेव्हा तुम्हीही फार खोदून विचारले नाही.

कोस्टा रिकाने १९३८ च्या कायद्याने जमिनीतल्या पुरावस्तू देशाच्या ठरवल्या आणि १९८२ मध्ये त्यांच्या खरेदी-विक्रीवरच बंदी घातली. २०२१ मध्ये अमेरिकेनेही त्या देशाशी करार करून अशा वस्तूंच्या आयातीवर निर्बंध आणले. ही वर्षे मी मुद्दाम लिहिते आहे, कारण नोंदवहीतली तारीख आणि ही वर्षे शेजारी ठेवली की कोणता लोलक कोणत्या वाटेने आला ते सामान्य प्रेक्षकालाही दिसेल. १९३८ नंतर परवान्यावाचून देशाबाहेर पडलेली वस्तू परत गेली पाहिजे, असे माझे स्पष्ट मत आहे. ब्रुकलिन संग्रहालयाने २०११ मध्ये नऊशेहून अधिक आणि साधारण दहा वर्षांनी आणखी हजाराहून अधिक वस्तू कोस्टा रिकाच्या राष्ट्रीय संग्रहालयाला परत दिल्या. त्या बहुतेक कीथच्या संग्रहातल्या होत्या, कायद्याने त्या द्यायची सक्ती नव्हती आणि कुणी खटलाही भरला नव्हता. हे चांगले उदाहरण तुमच्यातल्याच एका संस्थेने घालून दिले आहे.

तरीही परत देण्याचा प्रश्न आणि पाठ दाखवण्याचा प्रश्न मी वेगळे ठेवते आहे. परत देण्याला वकील लागतात, विश्वस्तांचे ठराव लागतात, वर्षे जातात. फोटो काढायला यातले काही लागत नाही. परत गेलेल्या लोलकालाही त्याची कबर परत मिळत नाही. सान होसेचे जेड संग्रहालय १९७७ मध्ये राष्ट्रीय विमा संस्थेने उभे केले. लोलक देशाबाहेर जाऊ नयेत म्हणून त्यांनी ते खासगी हातांतून विकत घेतले होते, आणि म्हणून त्यांच्याही पुष्कळ वस्तूंची जागा कुणाला माहीत नाही. तिथली मंडळी आपल्याकडच्या तुकड्यांची कुळी लावायचा प्रयत्न करत आहेत. तुमच्याकडच्या नोंदी आणि फोटो त्यांना घरबसल्या दिसले, तर ते काम पुढे सरकेल. नोंदवहीतली एक ओळसुद्धा पुरते, उदाहरणार्थ ‘निकोया, अमुक पाद्र्याच्या संग्रहातून, १९०३’. ती ओळ कार्डावर पेन्सिलीने लिहिलेली असेल, अर्धवट असेल, चुकीची वाटत असेल, तरी छापा. दुरुस्ती करायला जग बसले आहे.

ज्यांची ही भूमी आहे त्यांनाही हे कळले पाहिजे. कोस्टा रिकात आज आठ आदिवासी समाज आणि चोवीस आदिवासी क्षेत्रे आहेत. निकोयातला चोरोतेगा समाज उत्तरेकडून तिथे आला तो जेडचा काळ संपत आल्यानंतर, म्हणून ‘तुमच्या पूर्वजांचे लोलक’ असे त्यांना सरळ सांगता येत नाही. पूर्वेकडच्या ब्रिब्री आणि काबेकार लोकांच्या भाषा मात्र त्या प्रदेशात फार जुन्या मानल्या जातात. त्यांच्या कथांतही पक्षी आणि प्राणी येतात. त्यांना या वस्तूंबद्दल काय म्हणायचे आहे हे विचारणारी एखादी पाटी मला अजून दिसलेली नाही. विचारण्याआधी दाखवावे लागते. तालामांकाच्या डोंगरातून कुणी न्यूयॉर्कला येऊन तुमच्या काचेत डोकावेल, ही अपेक्षा योग्य नाही.

तुमची एक हरकत मला ठाऊक आहे. एका अभिरक्षकाने ती मला सौम्य शब्दांत सांगितली होती. पाठीचे, भोकांचे बारकावे प्रसिद्ध केले तर बनावट लोलक करणाऱ्यांना धडे मिळतील. ही हरकत मी हसण्यावारी नेत नाही. बाजारात बनावट पुष्कळ आहेत आणि कोस्टा रिकाच्या जेडचा भाव वाढला तसे ते वाढले. पण नकल करणाऱ्याला पाठ माहीत असतेच. त्याच्याकडे खरा तुकडा असतो किंवा तो मिळवण्याचे मार्ग असतात. ज्याला माहीत नसते तो विकत घेणारा, आणि विद्यार्थी. हिऱ्याच्या टोकाच्या यंत्राने पाडलेले भोक सरळ नळीसारखे असते, त्याच्या भिंतीवर एकसारखी चकती फिरल्याच्या रेघा असतात. हाताने दोन बाजूंनी पाडलेले भोक कधीच तितके नेमके नसते. खऱ्या लोलकांच्या शेकडो भोकांचे फोटो उघडे असतील तर खोटा तुकडा पकडणे सोपे होईल, आणि तुमच्या स्वतःच्या संग्रहात शिरलेलेही काही सापडतील. कदाचित अवघडल्यासारखे वाटण्याचे खरे कारण तेच असेल. पण शंभर खऱ्यांत पाच खोटे निघाले म्हणून तुमची प्रतिष्ठा जाणार नाही. ते पाच खोटे खऱ्यांत मिसळून अभ्यासकांचे निष्कर्ष वाकवत राहिले, तर मात्र नुकसान फार मोठे आहे.

आठव्या शतकाच्या सुमारास हे काम थांबले. दक्षिणेकडून, पनामा आणि कोलंबियाच्या बाजूने, सोने आले. तेच पक्षी, तेच वटवाघूळ, तीच मगर आता सोन्यात घडू लागली. माया राज्ये कोलमडत होती आणि हिरवा दगड आणणाऱ्या वाटा बंद होत होत्या. दोन गोष्टींत कारण कोणते आणि परिणाम कोणता हे अजून नीट उलगडलेले नाही. शेवटच्या काळातले लोलक वारंवार चिरलेल्या, पुन्हा पुन्हा वापरलेल्या दगडाचे होते का? दगड दुर्मीळ झाल्यावर कुऱ्हाडी दोनाच्या चार झाल्या का? असे असेल तर पाठीवरच्या कापांची संख्या काळाबरोबर वाढलेली दिसेल. ही माझी अटकळ आहे. ती खरी की खोटी हे तपासायला मला, किंवा पुण्यातल्या, सान होसेतल्या, ग्वातेमालातल्या कुठल्याही विद्यार्थ्याला, तुमच्या कोठारातले फोटो हवेत.

म्हणून एक सुचवते. सगळे एकदम जमणार नसेल तर फक्त कुऱ्हाडीच्या आकाराच्या पक्षी-लोलकांपासून सुरुवात करा. प्रत्येकाचे चार फोटो घ्या: समोरून, मागून, कडेने, आणि भोकाचा जवळून. सोबत वजन, पाण्यातले वजन आणि नोंदवहीतली ओळ. मोजमापे स्पॅनिशमध्येही द्या. प्रदर्शनात निदान एका कपाटात लोलकामागे छोटा आरसा बसवा, म्हणजे दहा वर्षांचे मूलही चिरल्याचा कणा पाहू शकेल.

आणि तुमच्या शहरांतल्या माझ्या मराठी वाचकांना विनंती: पुढच्या वेळी या कपाटासमोर उभे राहिलात, तर चौकशीच्या खिडकीवर नम्रपणे विचारा की या लोलकांची मागची बाजू कुठे पाहायला मिळेल. उत्तर मिळाले नाही तर लेखी विचारा. संग्रहालये लेखी प्रश्नांची नोंद ठेवतात.

तुमच्यापैकी जे कुणी हे काम हाती घेतील त्यांना रेघा, भोके आणि दगडाची जात ओळखण्याच्या कामात माझी आणि माझ्या विद्यार्थ्यांची मदत लागली, तर ती विनामूल्य मिळेल. उत्तराची वाट पाहते.

कळावे,
आपली,
एक रत्नपरीक्षा शिक्षिका, पुणे